भाटव्यांच्या गाडीचं लटकलेलं दार

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दारव्ह्याचे भाटवे, ज्या वस्तूला हात लावतील तिला आपण कोण आहोत याचाच विसर पडतो. त्यांनी दुरुस्त केलेली दारावरची घंटी दाबली की देवघरातला दिवा लागतो. कुलर दुरुस्त केला, तर गार हवा शेजाऱ्यांकडे जायला लागली. पण कारागिराला घरात पाऊल ठेवू देतील तर शपथ. "मिस्त्री कायले पाहिजे? मी मेलो काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांचा खरा जीव मात्र जुन्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या पुढच्या दारात अडकलेला. उघडलं की ते दोन बोटं खाली येतं आणि लावताना खालून उचलावं लागतं. भाटवे ते नीट करतात, ते पुन्हा लटकतं. कारण विचारलं की म्हणायचे, "रस्त्यावरचे गड्डे." अहो, चारही दारं त्याच रस्त्यानं जातात, मग हेच एक काहून? "तुले नाही समजत ते." खरंच समजत नव्हतं.

मागे एकदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी गेलो, तेव्हा भाटवे अंगणात जॅक फिरवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या आईंना कळंबच्या चिंतामणी गणपतीला न्यायचं होतं. गुडघ्यांनी बेजार झालेल्या आईंचं बाहेर पडणं म्हणजे तेवढंच उरलेलं. दार नीट लागलं नाही, तर तेही राहणार.

"पाह्य बरं, दार वर आलं?"

"आलं."

"मंग बसलं जागेवर?"

"नाही."

कसं बसणार? जॅक गाडीखाली लावलेला. दारासोबत अख्खी गाडीच वर आली होती.

मग जॅक दाराखाली आला, लाकडाचा ठोकळा आणि जुनं धोतर मध्ये घालून. बिजागरीचे बोल्ट ढिले करण्याआधी तिची मूळ जागा लक्षात राहावी म्हणून भाटव्यांनी तिच्या कडेनं कुंकवाची रेघ ओढली, कारण पेन्सिल सापडत नव्हती. आम्ही चहा पिऊन येतो तो काय, बिजागरी हळदीकुंकवानं माखलेली आणि वर जास्वंदीचं फूल! आई ओसरीवर पदराला बोटं पुसत बसलेल्या.

"नुसतं कुंकू लावलं होतं तुनं. हळद राहूनच गेलती ना, बावा."

मी कपाळावर हात मारला. एरवी एका खिळ्यासाठी घर डोक्यावर घेणारे भाटवे "बरं केलं, माय" एवढंच म्हणाले आणि नुसत्या अंदाजानं दार वरखाली करत बसले. दिवेलागणीला ते टक्कन लागलं, तेव्हा मला तो चिंतामणीचाच चमत्कार वाटला.

सकाळी आई गाडीपाशी आल्या. काठी माझ्या हातात दिली, उघडं दार दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा भार त्याच्यावर टाकत, "गणराया" म्हणत सीटवर टेकल्या. बिजागरी कुरकुरली. दार माझ्या डोळ्यांदेखत खाली आलं. अस्सं होय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईंनीच विचारलं, "काहून रे, माह्यानं तं नाही लटकत हे?"

भाटव्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आईंची काठी मागच्या सीटवर ठेवायला वळलो.

"छ्या! तुह्यात वजन तरी हाये काय, माय? गड्डे लय हायेत रस्त्यानं." त्यांनी दार खालून उचललं आणि अलगद लावलं.

आता कोणी विचारलं तर मीही गड्ड्यांचंच नाव सांगतो. दारव्ह्याला गेलो की फाटकातूनच आधी गाडीकडे बघतो, आणि मनात म्हणतो, देवा, ते दार आईंच्या भारानं लटकलेलंच दिसू दे.