गाजराला उंची सोसत नाय

मार्गशीर्षातला रविवार, सकाळचे आठ. स्थळ: उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराचं मागचं अंगण. हजर: मी, सून आणि वाफ्यात दाटीवाटीनं उभी असलेली गाजराची शेदीडशे रोपं. गैरहजर: व्याही.

आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, यांच्याइतका उपटलेल्या रोपात जीव अडकलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. मूळचे पिशोर गावचे. चाळीस वर्षं शेती केली, ती थोरल्या मुलाच्या हवाली केली आणि इथं शहरात, गारखेड्यात धाकट्याकडे राहायला आले. लग्नाची पहिली बैठक आमच्याकडे होती. बोलणी ऐन रंगात आली आणि मुलीचे वडीलच दिसेनात. शोधलं तर हे अंगणात, नव्या पांढऱ्या पायजम्याच्या गुडघ्यांवर मातीचे दोन गोल उमटवून, माझ्या बिटाची विरळणी करत बसलेले. "लई दाटी झाली होती, विहीणबाई," म्हणाले. सोयरीक अजून ठरायची होती. विहीणबाई मी तेव्हाच झाले.

विरळणी म्हणजे जादा रोपं उपटून टाकायची आणि उरलेल्यांना पोसायला जागा करून द्यायची. व्याह्यांना त्यातलं उपटणं येतं, टाकणं येत नाही. प्रत्येक रोप ओल्या रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात जातं आणि तिथून, जिथं माती दिसेल तिथं: रंगाचे रिकामे डबे, फुटका माठ, शेजारच्यांचं तुळशीवृंदावन. माझ्या हाडांच्या डॉक्टरांकडे मनीप्लँटच्या कुंडीत त्यांनी तीन बिटं लावली, आणि पुढच्या खेपेला माझ्या गुडघ्याआधी त्या बिटांची विचारपूस केली.

गुडघ्याचं सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी जिन्यात पडून माझ्या गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर निघालं, पण पाय वाकेना. डॉक्टरांनी बजावलं, चाला, वाकवा, नाहीतर कायमचा असाच राहील. मी व्यायामांची व्यवस्थित यादी केली, भिंतीला लावली आणि खुर्चीत बसून वाचत राहिले. दुखायचं फार, आणि भीती त्याहून जास्त वाटायची.

त्याच आठवड्यात व्याह्यांनी वाफ्यातली जादा गाजरं डब्यांत लावायला घेतली. रोज एक डबा. पहिला माझ्या खुर्चीशी, दुसरा चार पावलांवर, असं करत शेवटचा थेट हौदापाशी. पाण्याची नळी गळते म्हणून ती स्कूटरच्या डिकीत घालून घेऊन गेले आणि माझ्या हातात प्लास्टिकचा मग दिला. बियांच्या पाकिटावर छापलं होतं की गाजराचं रोप हलवू नये, मूळ दुखावलं की गाजराला फाटे फुटतात. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "त्या पाकिटवाल्यानं पाकिटंच पेरली असतील," एवढंच उत्तर मिळालं. निदान डबे स्टुलांवर तरी ठेवा, मला वाकता येत नाही, म्हटलं, तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "गाजराला उंची सोसत नाय, विहीणबाई." आता तहानेनं माना टाकलेली रोपं माझ्याच्यानं बघवत नाहीत, आणि यादीतलं काम राहिलेलं तर त्याहून नाही. मी डब्यांना आकडे घातले आणि कण्हत, व्याह्यांना मनातल्या मनात बोल लावत, रोज एकेक खूण करत गेले. चौदाव्या डब्याला पाणी घालताना ध्यानात आलं, काठी पाचव्यापाशीच राहिली होती.

गाजरं निघाली ती दोन पायांची, तीन पायांची. एक तर चक्क मांडी घालून बसलेलं. चाळीस वर्षांच्या शेतकऱ्याला एवढंही ठाऊक नसावं, असं मी हसत सुनेला म्हटलं. तिनं किसणी थांबवली. "आई, गाजराचं रोप नुसतं हलवलं म्हणून अण्णांनी आम्हाला वावरातून हाकललंय." हलव्यात गाजराचे पाय दिसत नाहीत. तरी मांडी घातलेलं तेवढं एक मी किसणीखालून बाजूला काढलं.

यंदा ते पिशोरला परत गेलेत. डोळ्यांना कमी दिसतं, मुलांनी स्कूटर काढून घेतली. फोनवर मी आभाराचं काढलं की त्यांना नेमकं ऐकू येईनासं होतं, मग विचारतात, "विरळणी झाली का?" मी करते म्हणते. आजही उकिडवी बसले. गुडघा न कुरकुरता वाकला. एक रोप उपटलं, टाकवेना, ओल्या रुमालात ठेवलं. हौदाशी मातीनं भरलेला एक डबा तयार आहे. माझ्या कामांच्या यादीत 'गाजराची विरळणी' मात्र सलग तिसऱ्या रविवारी तशीच, खुणेविना.