गाडीवर बसनार न्हाई

व्यायाम माझ्या अंगाला कधी शिवला न्हाई. शाळेत कवायतीचा तास आला की मी संडासामागं लपायचो. पुढं शाळाच सोडली, तवा तोबी तरास गेला. मग टेम्पो हातात आला. टेम्पोवाल्याला पाय असत्यात ते ब्रेक दाबायला. समोरच्या टपरीवरनं तंबाखूची पुडी आनायची तरी मी मोटरसायकलला किक मारायचो. बायको म्हनायची, "अवो, किक मारंस्तवर तुमी जाऊन आला असता."

आन मी हसवनारा मानूस. लग्नात तर सोडाच, दहाव्याला बी लोकं माझ्याशेजारी बसत न्हाईत, हसू आलं तर पंचाईत म्हनून.

अशा मानसाला एका उन्हाळ्यात काय झालं कळंना. सकाळी डोळं उघडायचं, पन उठवायचं न्हाई. दारात टेम्पो हुभा, कांद्याचं भाडं आलेलं, आन मी पत्र्याकडं बघत पडलेला. भाकरी मातीवानी लागायची. बायकोनं आधी पीठ बदललं, मग गिरनी बदलली. बिघाड माझ्यात हुता, ते तिला बी उशिरा कळलं.

डेअरीवर दूध घालायला गेल्तो. धीर करून म्हनलं, "गड्यांनो, मला जगावंसंच वाटंना." सगळी खदाखदा हसली. एक जन तर दुधाच्या कॅनला धरून खाली बसला. म्हनला, "तोंड बघा कसं केलंय! परत कर, परत कर." त्यांची काय चूक? जलमभर मीच त्यांना तसं शिकवलेलं.

बायको तेवढी हसली न्हाई. तिनं मला यष्टीत घातलं आन नगरला मनाच्या डॉक्टरीनबाईकडं नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हनल्या, "भाऊ, याला डिप्रेशन म्हणतात. गोळी देते, ती आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि रोज चालायचं. भरभर. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये, इतकं भरभर."

"ताई, मी आजारी मानूस. आन मलाच चालायला लावता?"

"चालणं हा उपचारच आहे. जगभर त्याचा अभ्यास चाललाय. आधी व्यायामाला ताटातल्या लोणच्यासारखं धरायचे, आता भाजीत धरायला लागलेत. चालणं, पळणं, वजनं उचलणं, सगळ्यांनी फरक पडताना दिसतो. कुणाला थोडा, कुणाला चांगला. नेमका कुणाला किती, ते अजून शोधतायत."

"मंग आमी कांद्याच्या गोन्या उचलतो, त्यो व्यायाम न्हाई व्हय?"

"त्याचाही अभ्यास चाललाय. पोटासाठी उचललेलं ओझं आणि आपल्या खुशीनं केलेली हालचाल, मनाला दोन्ही सारखी मानवत नाहीत असं दिसतंय."

हे मला पटलं. गोनीनं मला कधीच बरं वाटलं नव्हतं. खरं बघता गोन्या हमालच उचलायचं, मी टेम्पोला टेकून "हळू रं, हळू" करायचो. पन ते काय मी ताईंला सांगितलं न्हाई. आन अजून शोधत्यात म्हनल्यावर तर मला धीरच आला. म्हंजी एवढ्या शिकलेल्यांना बी पुरतं ठावं न्हाई. पयल्यांदाच आमी एका वर्गात बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आता आमच्याकडं पायी चाललेला मानूस म्हंजी अडचनीतला मानूस. त्याला सोडून गाडी पुढं न्हेली तर ते लोकात वाईट दिसतं. कोनीबी यायचा, गाडी आडवी घालायचा.

"बसा."

"नको, चालतोय."

"बसा की वो. आमचा राग आलाय का?"

राग न्हाई एवढं दाखवायला मी बसायचो. तो फाट्यावर उतरवायचा. माघारी निघालो की दुसरा उचलायचा. एक जन तर उलट्या बाजूला चाललेला, त्यानं गाडी वळवून मला दारात आनून सोडलं आन चहा पिऊन गेला.

म्हयन्यानं ताईंनी इचारलं, "चालता ना?"

"रोज फाट्यापर्यंत जातो."

"धाप लागते?"

"लागती की. लई जोरात हानत्यात गाड्या."

ताई आधी हसल्या, मग डोळं मोठं करून म्हनल्या, "गाडीवरचं धरायचं नाही."

मग मी रोड सोडला आन क्यानॉलची कड धरली. तिकडं गाड्या कमी. पयलं चार दिवस वाटायचं फुकट तंगडतोड चाललीया. पन एका दुपारी मी आपनहून भाकरी मागितली. बायकोनं न इचारता दुसरी बी वाढली.

क्यानॉलला आवर्तन सुटलेलं, पानी काठोकाठ. मी मान खाली घालून भराभर चाललेलो. रानातनं कोन तरी वरडलं, "आरं धरा, धरा त्याला!" मला वाटलं कोनाचं वासरू सुटलं. मी बी मागं वळून वासरू बघाया लागलो, तंवर तिघं माझ्या अंगावर. एकानं कंबरंला मिठी घातली, एकानं दंड धरला, तिसऱ्यानं पाय धरला, तर नुसती चप्पल हातात आली.

"आरं सोडा! व्यायाम करतोय!"

तसं त्यांनी जास्तच आवळलं. "तू? आन व्यायाम? खोटं बी नीट बोलता येईना याला. पक्की उडीच मारनार हुता."

मी हसनार हुतो. पन कंबर धरलेला मिठी सोडंना. हा त्योच, डेअरीवर कॅनला धरून बसलेला. म्हनला, "त्या दिवशी तू खरं बोलत हुता व्हय रं?"

"व्हय."

खोटं कशाला बोलू, तसला इचार येऊन गेल्ता. ताईंला बी सांगितला हुता. मी म्हनलं, "पन आता त्यो परत येऊ नये म्हनूनच चालतोय. सोड, गुदगुल्या व्हत्यात."

त्यानं सोडलं, पन माझ्या घरापर्यंत मागं मागं आला.

दुपारपर्यंत थोरल्या भावाच्या कानावर गेलं. आमच्या घरात दादाचा शब्द म्हंजी शेवट. टेम्पो त्यो म्हनला तवा घेतला, बायको त्यानंच बघितली. मला त्यानं कधी इचारलं न्हाई, मी बी कधी सांगितलं न्हाई.

दादा म्हनला, "उद्यापास्नं घरात बसायचं. क्यानॉल बंद, रोड बंद. लोकं म्हनत्यात डोकं फिरलं याचं. तुझ्या पोरीला स्थळं बघायचीत का न्हाई?"

बायको दाराआडनं म्हनली, "भावजी, त्यांनी परवा भाकरी मागून खाल्ली."

"तू मधी बोलू नगं."

ती मधी बोलली म्हनून मला बी बोलायचं सुचलं. "दादा, मी जानार."

दादानं माझ्याकडं बघितलं. इनोद हाय का काय त्याला कळंना. मला बी आधी कळंना.

सकाळी मी रोडनंच निघालो, मुद्दाम, सगळ्यांच्या समोरनं. गावाबाहीर दादाची मोटरसायकल आडवी आली.

"बस."

"न्हाई."

"बस म्हनतो ना!"

"दादा, घरी बसलो तर मी परत पत्र्याकडं बघत पडन. लोकांना याडा म्हनू दे. तू बी म्हन. पन मी बसनार न्हाई."

मी गाडीला वळसा घालून पुढं निघालो. दादा पयल्या गिअरात माझ्या मागं. हारन वाजवतोय, "बस, बस" करतोय. मानसाच्या चालीनं गाडी किती चालवनार? क्लच जळाल्याचा वास यायला लागला. शेवटी त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आन ढकलत निघाला. घामाघूम झाला. पन परत "बस" काय म्हनला न्हाई.

फाटा आला तसा म्हनला, "उद्या बी येनार का?"

"येनार."

"पाऊसपान्याचं?"

"तवा बी."

"मला न्हाई जमायचं," दादा म्हनला आन माघारी फिरला.

आता मी एकटाच जातो. गोळी चालू हाय. काही सकाळी अजून उठवत न्हाई, त्या दिवशी उशिरा निघतो, पन निघतो. पारावर अजून कोन तरी म्हनतं, "आला बघा याडा." मग मी पाराच्या आनखीन जवळनं जातो, पोट पुढं काढून, त्यांना नीट दिसावं म्हनून.