फोटो काढा

बोरी अरबची सत्यशीला म्हणजे भित्री भागूबाई. पाल चुकचुकली तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. आणि अशा पोरीच्या नशिबी कामही आलं ते धास्तीचंच. लोकांचे फोटो आणि कागद इंटरनेटवर सांभाळणारी एक कंपनी होती. तिची मदतीची पानं सारखी बदलायची. सत्यशीलाने रोज घरी बसून कालचं पान आजच्या पानाशी ताडून बघायचं, काय बदललं ते हुडकायचं आणि मराठी पानं, मराठी बटणं त्याप्रमाणे दुरुस्त करायची. एक ओळ निसटली तर कुणाचं तरी वाटोळं होईल, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसे.

"कॉम्प्युटरले पाहून राह्यली का वाघाले?" तिची आई, कोकिळाबाई, हसायची.

त्या आठवड्यात एक बटण बदललं. आधी त्यावर होतं, 'फोटो या फोनमधून काढा'. ते दाबलं तरी कंपनीकडची प्रत शाबूत राही. आता फोटो सगळीकडूनच जाणार होता, म्हणून कंपनीने इंग्रजी बटणावरचं 'या फोनमधून' गाळलं. सत्यशीलानेही गाळलं. उरलं 'फोटो काढा'. तिने पुन्हा पुन्हा तपासलं, चूक काही दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रुपीबाई आरशांची फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, नेसून लग्नाला निघाल्या. "कोकिळे, माहा एक फोटो काढ वं."

आईच्या फोनवर 'बाबा' नावाचं फोल्डर उघडंच होतं. सत्यशीलाच्या वारलेल्या वडिलांचे, बाबारावांचे, होते नव्हते तेवढे फोटो त्यात, दुसरीकडे एकही नाही. आई रोज तेच बघत बसे. तिला 'फोटो काढा' दिसलं, तिने दाबलं. नक्की का, असं फोनने विचारलं. दारात नटून उभ्या बाईला नाही कोण म्हणणार? तिने 'हो' दाबलं.

"सत्तू, फोटो तं निंगालाच नाही!"

सत्यशीलाने फोन घेतला आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. फोल्डर रिकामं; त्या बटणाने आतले सगळेच फोटो उडवले होते. आईला सांगायची हिंमत होईना. कसाबसा रुपीबाईंचा फोटो काढून दिला, दार लोटलं आणि फोनमधली कचरापेटी उघडली. तीही रिकामी. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणू गेली, तर तोही येईना. तेव्हा मात्र ती मुळापासून हादरली.

मग तिनेच टिपलेला एक जुना बदल आठवला. फोल्डर ज्याच्या खात्यावरचं, त्यातून काढून टाकलेले फोटो त्याच्याच कचरापेटीत जातात. हे फोल्डर बाबारावांच्या खात्यावरचं, आईच्या फोनवर नुसतं दिसायचं. खातं सत्यशीलानेच उघडून दिलं होतं. पण बरेच दिवस न वापरलेलं खातं कंपनी बंद करते, हेही तिनेच लिहिलं होतं. घाईघाईत पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला. उघडलं.

बाबाराव होते. पांढरा सदरा, दीक्षाभूमीवर उन्हात डोळे किलकिले केलेले. सत्यशीला ढसाढसा रडली. एकेक फोटो तिने जागेवर आणला.

भीती मात्र गेली नाही. ते बटण अजून घरोघरच्या फोनवर होतं. चूक माझी आहे, ते बटण आधी थांबवा, असं तिने कंपनीला तडक कळवलं. पण दुसरा दिवस उजाडला तरी नवा शब्द सुचेना.

"आई, फोटो कायमचा जाईल, हे बटणावर कसं लिहू?"

"त्याले काय लागते? 'फोटो फेकून द्या' लिव. मंग कोन दाबते?" आई म्हणाली. मग हातातल्या फोनकडे बघत तिने हळूच विचारलं, "मंग काल म्या तुह्या बाबाले फेकलं होतं का वं?"

"तू नाही वं आई," सत्यशीला म्हणाली. "म्या."