उकंडरावांनी न वाचलेली पानं

उंद्रीत उकंडरावांना सारे 'मेजरसायब' म्हणत. उभ्या जन्मात त्यांनी बंदूक तर सोडाच, साधी गोफणही धड फिरवली नव्हती; ज्वारीवरची पाखरं त्यांना ओळखून होती. हे नाव पडलं पुस्तकांमुळं. अतिरेक्यांशी लढणाऱ्या एका मेजरच्या कादंबऱ्यांची रांगच वाचनालयात होती, तिचा त्यांनी फडशा पाडलेला. पारावर बसून छापे असे रंगवत, की ऐकणाऱ्यांचा चहा गार व्हावा.

फक्त एक खोड. पुस्तकातला हा मेजर दारू पिई, बायकोवर खेकसे, एका साथीदाराच्या मरणापायी स्वतःला कोसत राही. ती पानं आली की उकंडराव अंगठ्याला थुंकी लावून दहा-बारा पानं एकदम पुढं.

"रडगाणं हाय ते. आपल्याले धाड पायजे!"

खरं कारण घरात होतं. मुलगा अविनाश निमलष्करी दलात, काश्मिरात. फोनवर 'बरं हाय' यापलीकडं बोलत नसे. उरलेलं बाप पुस्तकातून भरून काढी.

वीस वर्षांची नोकरी पुरी करून गेल्या उन्हाळ्यात अविनाश परतला, तेव्हा गावाच्या रिवाजाप्रमाणं मिरवणूक निघाली. फुलांनी मढवलेली जीप, डीजे, फेटे. "बाबा, गाजावाजा नका करू," असं त्यानं आधीच सांगितलं होतं. उकंडरावांना तो पोराचा विनय वाटला. चिखलीहून भलीमोठी फटाक्यांची लड आणून मारुतीसमोर त्यांनी स्वतःच्या हातानं पेटवली.

पहिल्या धडाक्यासरशी अविनाशनं जीपमधून झेप घेतली. ओवाळायला पुढं आलेल्या आईला, रुखमाबाईला, ताटासकट खाली दाबलं आणि तिच्यावर पालथा पडून राहिला. लड संपली, डीजे थांबला, तरी उठेना.

"काऊन बे, फौजी भेला काय?" गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

अविनाश उठला, फेटा बापाच्या हातात दिला आणि चालता झाला. तेव्हापासून मुक्काम शेतातल्या खोलीत. बापाशी अबोला.

"त्यानं नाही म्हटलं होतं तुमाले," रुखमाबाई एवढंच म्हणाल्या. कोपर सोललं होतं त्यांचं.

चार महिन्यांनी उकंडराव वाचनालयात गेले. पुस्तकं देणारी समता हसली, "मेजरसायब, हे तर चार खेपा नेलं तुमी!"

"वाचलं नोतं."

घरी येऊन त्यांनी आजवर गाळलेली पानं उघडली. एका पानावर बायकोच्या हातून पातेलं पडतं आणि मेजर पलंगाखाली सापडतो, थरथरत. उकंडराव ते पान वाचत, चष्मा पुसत, पुन्हा वाचत.

दुसऱ्या दिवशी भाकरीसोबत पुस्तकही शेतात नेलं. "अविनाश, हे पान वाच."

अविनाशनं उभ्याउभ्या वाचलं. पुस्तक मिटून परत दिलं.

"हे मले वाचाची गरज नाही, बाबा. हे तुमी वाचाचं होतं."

"वाचलं ना."

"कधी?"

चार महिन्यांत पोरानं बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न. उकंडरावांनी भाकरीचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. अविनाश थोडा वेळ थांबला, मग फावडं घेऊन पाणी वळवायला निघून गेला.