खालून वाचणाऱ्या मामी

नोटीस कुठलीही असो, मामी ती खालून वाचायच्या. परळच्या आमच्या चाळीच्या फाटकावर कागद चिकटवला की बाकीचे मान वर करून मथळा वाचत, आणि ह्या कमरेत वाकून शेवटच्या ओळीला नाक लावत. "वर तेंचा कौतुक असता गो, आपला मराण खाली असता," म्हणायच्या. खाली म्हणजे हरकत घ्यायची मुदत. ती बहुतेक वेळा संपत आलेलीच असे.

मामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. बाहेर अगदी पुस्तकी मराठी, घरात खणखणीत मालवणी. निवृत्तीनंतर हरकती घेणं हाच त्यांचा उद्योग. कुठे झाड तोडायचं निघालं, जुनी विहीर बुजवायची निघाली, की मामी सुनावणीला हजर. साहेबाने मध्येच तोंड उघडलं तर शांतपणे सांगायच्या, "थांबा, लाइन कट करू नका. माझं बोलणं चालू आहे." साहेब बिचारा खरंच थांबायचा! मी शेजारीण, म्हणून रजा टाकून सोबतीला. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? पण मामींना नाही म्हणायची माझी काय बिशाद!

मग एकदा आमच्याच गल्लीची नोटीस लागली. मागे टॉवर होणार होता, त्यासाठी रस्ता रुंद करायचा होता. कोपऱ्यावरचा वड जाणार आणि त्याच्याखालचा राखणदारही. राखणदार म्हणजे कमरेएवढा शेंदरी दगड. कोकणातून गिरणीत आलेल्या आमच्या आजे-पणज्यांना तो इथेच सापडला होता, आणि गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी त्याला गल्लीचा राखणदार मानला. नोटिशीत मात्र त्याला 'अलीकडचे अनधिकृत बांधकाम' म्हटलेलं. मामी भडकल्याच.

सुनावणीला त्यांनी ठासून सांगितलं, "दगड कोरीव आहे, फार जुना आहे. माझ्या सासूबाईंनी घोडे पाहिलेत त्यावर." साहेबांनी फोटो पुढे सरकवला. भोवती बाथरूमच्या टाइल्स, मध्ये लखलखीत केशरी गोळा, वर चांदीचे डोळे. "मावशी, ह्यात घोडा कुठाय? पुढच्या सुनावणीला दाखवा, मी मान्य करतो." इतक्या वर्षांत मामींची लाइन पहिल्यांदाच कट झाली होती.

परतताना त्या वडाखाली मटकन बसल्या. शेंदूर पावसात ओघळतो म्हणून त्यावर दरवर्षी ऑइल पेंट मारायची टूम त्यांचीच. "माझ्याच हातांनी लपवलंय मी तेका," म्हणाल्या आणि चक्क रडल्या. मला फार वाईट वाटलं.

रंग खरवडायचा म्हटल्यावर चाळीतली वडीलधारी मंडळी खवळली. देवाला खरवडतात का? कोप होईल! शेवटी ठरलं, कौल लावायचा. दगडाच्या दोन्ही बाजूंना ओले तांदूळ चिकटवायचे. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. मामींनी तांदूळ लावले, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. आणि काहीच पडेना. तेला-रंगाच्या त्या चिकट थरावर तांदूळ बसले ते बसलेच. ऊन चढलं, म्हातारे जांभया द्यायला लागले. तशा मामी ताडकन उठल्या. "बघितलात? रंगामुळे तेका बोलूक पण येणा नाय! आधी तोंड तरी मोकळा करा तेचा!"

आधी एक आजोबा हसले, मग सगळेच. होकार मिळाला.

मामींनी एका म्युझियममधल्या तरुण संशोधकाला पकडून आणलं. त्याने जपून जपून तो थर सोडवला. नारळाच्या करवंटीसारखे केशरी तुकडे निघाले, आणि आत खरंच घोडे होते. त्यांच्यावर दोन अप्सरा, त्यांच्याही वर पिंड, टोकाला चंद्र-सूर्य. "वीरगळ आहे, काकू," पोरगा म्हणाला. "गावासाठी लढून मेलेल्या माणसाची आठवण. हा खालून वर वाचायचा. खाली लढाई, मध्ये तो स्वर्गात चाललाय, वर शिवाची पूजा."

"माका शिकवतस?" मामी म्हणाल्या. "मी नोटीसपण तशीच वाचतंय." पण हात जोडलेलेच होते. "आजवर तेना आपली राखण केली. आता आपण तेची करूची."

दुसऱ्या सुनावणीला साहेब स्वतः येऊन घोड्यावरून हात फिरवून गेले, आणि शब्दाला जागले. रस्ता आता वडापाशी वळतो. टॅक्सीवाले त्या वळणाला शिव्या घालतात. घालू देत!

मामी मागच्या वर्षी गेल्या. राखणदाराला आता फुलं फक्त पायाशी. शेंदराचं बोट लावायला गेलं तर पोरंटोरंसुद्धा ओरडतात. मला मात्र मामींवाचून गल्ली मुकी वाटते. परवा फाटकावर नवी नोटीस लागली, पलीकडची जुनी विहीर बुजवायची आहे म्हणून. आता कोण बोलणार, हाच विचार दिवसभर डोक्यात. ऑफिसातून धावत आले तर कागदासमोर ही गर्दी. आणि एकाचीही मान वर नव्हती. सगळी चाळ कमरेत वाकून शेवटची ओळ वाचत होती.