बिनब्रेकची गाडी आणि दसऱ्याची माळ

पोहता न येणारा माणूस पाण्यावरची गाडी चालवायला का निघतो? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. तो माणूस माझेच बाबा असल्यामुळे विचारून बघायची सोय होती. विचारलंही. ते म्हणाले, "ट्रक चलवी होतंय तेवा माका धावाक खय येय होता?"

मी पिशवी भरायला घेतली.

आधी थोडं घरचं. आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे, आता डिचोलीचे. बाबा खाणीवर टिपर चालवायचे. खाणी थांबल्या तसा टिपरही अंगणात थांबला आणि त्याच्या बोनेटवर आईने दुधी भोपळ्याचा वेल चढवला. बाबा रोज सकाळी त्या वेलाला पाणी घालतात आणि जाता जाता आरसे पुसतात. अशात हळर्णच्या बाबलमामाने, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने, एक जुनी जेट स्की विकत घेतली. परवाने झाले की हंगामात ती समुद्रावर न्यायची, पर्यटकांना फिरवायचं, आणि ड्रायव्हर म्हणून भावोजी. बाबा ताबडतोब हो म्हणाले. आई ताबडतोब नाही म्हणाली. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

घरातली पहिली पदवीधर असण्याचे हे भोग आहेत. माझा विषय अर्थशास्त्र. पण आमच्याकडे पदवी एकदा घेतली की ती सगळ्याची असते. गोळ्यांचं पाकीट मीच वाचायचं, वीजबिल मीच समजावायचं, आणि आता बाप पाण्यावर पाठवायचा की नाही हेही मीच ठरवायचं. "तू वांगडा जा, समदा बघ," आई म्हणाली. "तू व्हय म्हटलंस तर मी गप ऱ्हवतलंय."

म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी आणि बाबा निघालो. त्याआधी मी जेट स्कीबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं. मी अशी आहे. सहलीला जाताना लोक टोपी घेतात, मी माहिती घेते.

डिचोलीहून हळर्णला स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर दोडामार्गावरून जवळ पडतं. बसने जायचं तर सरळ म्हापसा गाठा, तिथून पेडणे. दोघांचं जायचं भाडं मिळूनही एका माशाच्या थाळीपेक्षा कमी होतं. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, आणि त्यात दसरा. बसस्टँडपासूनच रोजांच्या फुलांचे ढीग लागलेले. रोजां म्हणजे आपला झेंडू. बाबांनी सगळ्यांत जाड माळ निवडली.

"एवढी मोठी कशाला?" मी विचारलं.

"टिपराक ह्याच मापाची लागता."

"बाबा, ती जेट स्की आहे. टिपरच्या चाकाएवढी असेल."

फूलवालीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "घेवंदी गो बाय. तुज्या न्हवऱ्याचे गाडयेक आखूड घे." माळ नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली होती, चांगली पक्की. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पातळ भाजी-पाव आणि सोबत एक गोड बन खाऊन आम्ही पेडण्याची बस धरली. म्हापशात हे खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. कंडक्टरने माळेची पिशवी बघून बाबांना विचारलं, "खंयची गाडी?"

"पाण्यातली," बाबा म्हणाले.

"म्हळ्यार बोट?"

"न्हय. स्कूटर."

कंडक्टरने थोडा विचार केला आणि मला म्हणाला, "तिकेट तुजेकडेन दितां." पेडण्याहून हळर्णला बस कमीच, तेव्हा मोटारसायकलवाला पायलट करा, पण बसण्याआधी भाडं ठरवा. आम्ही दोन पायलट केले. बाबांच्या पायलटच्या गळ्यात माळेचं अर्धं टोक रुळत होतं. रस्त्यावरचे लोक त्याला नमस्कार करत होते.

जेट स्की गोठ्याच्या बाजूला माडाच्या झावळ्यांखाली उभी होती, म्हशीपासून हातभर अंतरावर. मामाने वरच्या झावळ्या काढल्या. चार हंगाम किनाऱ्यावरच्या बोटींवर काम केलेला बाबलमामा तिच्यावर असा रेलून उभा राहिला, जणू तिला त्यानेच जन्म दिला.

"हो गॅस," त्याने उजव्या मुठीजवळची दांडी दाबून दाखवली. "हें हिरवें चालू, हें तांबडें बंद. जालें. आनी काय ना."

"आणि ती?" मी एका लाल, वेटोळ्या दोरीकडे बोट दाखवलं. ती हँडलला अडकवून ठेवली होती.

"ती आसता अशीच."

ती अशीच नसते. तिचं एक टोक बटनाखालच्या खाचेत बसतं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन जागच्या जागी बंद होतं. नाहीतर गाडी एकटीच पुढे निघून जाते आणि मालक पाण्यात टाटा करत बसतो. दोरी खाचेत नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. मी हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "खबर आसा गो माका," आणि हळूच दोरी हँडलवरून काढून खिशात टाकली.

बाबा मात्र खाली वाकून काहीतरी शोधत होते. "बाबल, ब्रेक खय?"

"ब्रेक ना."

"मगे रवतली कशी?"

"गॅस सोडलो की पाणीच रवयता, भावोजी. सवकास."

बाबा सरळ झाले. भरलेला टिपर उतारावरून कसा आणायचा हे ज्याच्या तळपायात मुरलंय, त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी प्रथमच भीती पाहिली. ती पाण्याची नव्हती, ब्रेक नसण्याची होती.

मग अर्थशास्त्राच्या पदवीधराने परसातला पाण्याचा पाइप आणला. ही गाडी पोटाखालच्या जाळीतून पाणी ओढते आणि मागच्या नळीतून जोरात फेकते. हँडल फिरवलं की ती नळी फिरते. नळ सोडला तसा पाइप सापासारखा वळवळला, बाबांचा लेंगा भिजला. नळ बंद केला, पाइप गपगार. "आता कितीही वाकडा करा, जोर आहे का त्याला? गॅस सोडलात की गाडी वळत नाही. समोर काही आलं तर गॅस थोडा धरूनच वळायचं."

"म्हणजे समोर म्हस इली तर पाय काढूचो नाय?"

"पाय नाही, बोट. आणि म्हैस पाण्यात आली तर तिलाच वळू द्या."

दसऱ्याच्या सकाळी कोयता, नांगर, स्कूटर, मिक्सर असं सगळं पूजेला मांडलं. जेट स्कीच्या हँडलला मामीने कुंकू लावलं, नाकावर माळ चढवली आणि वर दुसरी गाठ मारली. मामाने नारळ घेऊन गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज जी पाण्यातली गाडी काडल्यान हा, तिका खंय आडाप, खंय आडखळ आसात ती दूर कर रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" म्हैसही त्याच सुमाराला ओरडली.

गाडी ट्रॉलीवरून नदीवर नेली आणि कंबरभर पाण्यात ढकलली. कमी पाण्यात सुरू केली तर खालची जाळी वाळू आणि खडे ओढते. मी एकेकाचं जॅकेट तपासत होते. बाबांनी जॅकेट घातलं होतं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"बकल?"

"लावलंय."

मी हात बाजूला केला. बकल उघडं. खाणीच्या रस्त्यावर पोलीस दिसला की सीटबेल्ट नुसता छातीवर धरायचा, ही त्यांची जुनी कला. मी तिन्ही बकलं लावली आणि पट्टे ओढले. "ह्या मगे श्वास घेवक देणत नाय!" ते कुरकुरले. मामा मला म्हणाला, "तुका तरी पवाक येता मगो?" मी तेवढ्यात माझंच बकल पुन्हा तपासायला घेतलं. मलाही पोहता येत नाही.

पहिल्यांदा मी चालवली, मामा मागे. हळूच गॅस दिला की गाडी नाक उचलते आणि मग हळर्णची शांत नदी अशी सरकायला लागते की हसू आवरत नाही. काठची खारफुटी, पलीकडचे माड, मागे पडत जाणारी मामीची हिरवी साडी. मी तर मोठ्याने ओरडलेच. तेवढ्यात समोर खारफुटी आली आणि, कालचं सगळं पाइपपुराण विसरून, मी गॅस सोडून हँडल फिरवलं. गाडी सरळ. आणखी फिरवलं. गाडी सरळ!

"गॅस दी गो, माये!" मामा किंचाळला.

दिला. गाडी वळली. काठावर बाबा टाळ्या वाजवत होते. "पदवी बुडली गो!"

मग बाबांची पाळी. मनगटाला लाल दोरी मी स्वतः बांधली. मागे मामा बसला. आणि खोटं कशाला बोलू, बाबांनी सुरेख चालवली. नदीच्या मधोमध, ताठ बसून, जणू खाली डांबरच आहे. वळताना गॅस धरून वळले. मला रोज सकाळी टिपरचे आरसे पुसणारा माणूस आठवला आणि मी मनातल्या मनात आईला हो म्हणून टाकलं.

तेवढ्यात माळ सुटली. मामीच्या दोन्ही गाठी शाबूत होत्या. फुलंच भिजून दोऱ्यावरून गळली आणि सैल झालेला दोरा नाकावरून घसरून गाडीच्या पोटाखाली गेला. इंजिन ओरडायला लागलं, गाडी मात्र जागची हलेना. जाळीतून पाणी जायला वाटच नव्हती. ओहोटी त्या दोघांना हळूहळू खाली, मासे धरायला रोवलेल्या काठ्यांच्या रांगेकडे नेत होती.

"इंजिन बंद करा!" मी ओरडले.

पण गाडी चिखलात रुतली की टिपरवाला काय करतो? आणखी गॅस देतो. बाबांनी तेच केलं. दोरा आणखी आत ओढला गेला. मग रुतलेलं चाक बघायला ड्रायव्हर करतो तसं ते उठले, मागे वाकले, आणि पाण्यात गेले.

इंजिन खटकन बंद झालं. मनगटाच्या लाल दोरीने तिचं काम केलं होतं. नदीवर एवढी शांतता झाली की मामीच्या बांगड्या ऐकू आल्या. पाण्यावर नुसती नारिंगी फुलं पसरली होती, पाकळ्यांचा सडा, आणि जॅकेटही नारिंगी. मला बाबा दिसेनात. फुलांत माणूस शोधत मी काठावरून गुडघाभर, मग कंबरभर पाण्यात शिरले, आणि मामीने माझी वेणी धरली. मला वाटलं, आईला मी काय सांगू?

मग फुलांतला एक गुच्छ खोकला.

"बाबल," बाबांचा आवाज आला, "पाणी खारट आसा रे."

मामाने त्यांना जॅकेटला धरून गाडीच्या मागच्या बाजूला आणलं. चढायचं नेहमी मागूनच. बाजूने चढलं की गाडी कलंडते. जवळच जाळं टाकत असलेल्या एका होडीवाल्याने दोर फेकला आणि दोघांना काठाकडे ओढत आणलं. पुढे होडी, मागे गाडीवर मामा, त्याच्यामागे पाकळ्या डोक्यावर घेतलेले बाबा. होडीवाला काठावर पोचेपर्यंत विचारत होता, "देवाची पालखी खंय वयता रे?"

गाडी ट्रॉलीवर चढवली, लाल दोरी खाचेतून काढून ठेवली, मगच पोटाखाली हात घातला. हा क्रम कधीही बदलू नका. दोरा कापायला मी कोयता मागितला, तर मामी ठाम उभी राहिली. "आज पूजेंत आसा. कोयतो आज हातांत घेवचो न्हय."

"मग ही गाडी कशी चालवली आज?"

"गाडयेक चलता. कोयत्याक चलना."

शेवटी शिवणाच्या कात्रीने माळ काढली. कात्री पूजेत मांडायची राहून गेली होती, देवाची कृपा. दुपारी भाज्यांचं खतखतं आणि चणाडाळीचं गोड मणगणं जेवलो. बाबा ओल्या केसांनी दोनदा वाढून घेऊन जेवले. हात धुताना मला म्हणाले, "वळान कळला माका. माळ तेवडी घालूची नाय." म्हणजे माघार नव्हतीच. संध्याकाळी आपट्याची पानं देताना मामा मला म्हणाला, "मगे बाय, व्हय काय न्हय?" मी त्याच्या हातात पान ठेवलं आणि म्हटलं, "सोन्यासारखे राहा."

दुसऱ्या दिवशी हळर्णच्या किल्ल्याचे अवशेष बघून परतलो. तटावर वेली चढल्यात, माणसं फारशी नसतात, तासभर बसायला छान जागा. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले. झोपेत त्यांचं उजवं बोट हळूच गॅस देत होतं.

घरी आईने दारातच विचारलं, "काय ठरलां?" मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यात काहीतरी खोल पुरलं आणि झाकण लावलं.

सोमवारी मामाचा फोन आला. "गो, पाण्यातली स्कूटर चालू जायना!"

"दोरी माझ्याकडे आहे, मामा. बाबा मला पोहून दाखवतील त्या दिवशी परत."

मागे म्हैस ओरडली आणि मामाने फोन ठेवला. अशी दोरी बाजारात नवीन मिळते, हे चार हंगाम काम केलेल्या माणसाला ठाऊक आहे. अजून त्याने आणलेली नाही.

पोहण्याच्या वर्गात मी दोन नावं घातली, एक बाबांचं आणि एक माझं. बाबा दोन दिवस वर्गाला आले नाहीत, टिपरचे आरसे पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात खुडबुड ऐकून मी उठले. आईला बरं नव्हतं म्हणून ते भाताला तांदूळ काढत होते. त्यांच्या एका हातात माप होतं, दुसऱ्या हातात लाल दोरी. त्यांनी ती झटकली, तांदळाचे दाणे डब्यात पाडले आणि दोरी होती तिथेच, जरा आणखी खोल, खोचून ठेवली.

"चल," ते म्हणाले, "माजो टॉवेल खय ठेवलंस?"

त्या दिवसापासून आम्ही दोघं रोज सकाळी पाण्यात उतरतो.