मोह गळताना ऐकणाऱ्या संघप्रियाबाई

राजुऱ्याच्या कॉलेजात संघप्रियाबाईंनी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा खणखणीत आवाज. निवृत्तीनंतर विद्यापीठाने त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी सोपवली, फोनवरून मार्गदर्शनासाठी. भामरागडपलीकडची बुधरी, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची, आई आजारी म्हणून गावी परतलेली. गावात रेंज नाही. दर गुरुवारी अकरा वाजता टेकडी चढून ती फोन लावायची.

पहिले दोन महिने बाईच बोलल्या. तिकडून फक्त "हो मॅडम." एकदा फोन मध्येच कटला आणि बाई पुढे दहा मिनिटं एकट्याच बोलत राहिल्या. कळलं तेव्हा ओशाळल्या. पुढच्या गुरुवारी त्यांनी सरळच विचारलं, "बुधरी, खरं सांग. माह्या बोलण्याचा तुले काही उपयोग होते का?"



"मॅडम, मले लय सांगाचं रायते. पण तुमी थांबतच नाई."

बाईंना ते लागलं, आणि पटलंही. तेव्हापासून आधी बुधरी बोलायची, बाई वहीत टिपून घ्यायच्या. ती गप्प झाली तरी मध्ये तोंड घालायच्या नाहीत. शेवटी एकच प्रश्न द्यायचा, तिने स्वतः पाहून उत्तर शोधावं असा. गुरुवार कधी चुकवला नाही. भाचीच्या लग्नातही अकराच्या ठोक्याला बाई मंडपामागे फोन घेऊन बसल्या.

मार्च लागताना बाईंनी विचारलं, "गावातल्या सगळ्या मोहांची फुलं एकाच वेळी गळतात का गं?"

चाळीस दिवसांनी बुधरीचं एक रेकॉर्डिंग आलं. बाई स्वयंपाकघरात होत्या. आधी काहीच ऐकू येईना. मग टप. पुन्हा टप. "हे आईचं झाड, मॅडम. सगळ्यात आधी गळते. आता थांबा जरासं... हे काकाचं. बारा झाडं हायेत, बाराईची येळ येगळी. रोज पहाटे बसून लिहिली मी." मग टपटप वाढत गेली, चहूबाजूंनी, जणू सगळं रानच हलक्या पावलांनी चालत येत होतं.

"कोणाचा फोन?" गुणवंतरावांनी आत येत विचारलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवून नवऱ्याला शेजारी बसवलं. मोहाचं कूळ, पान, फूल सगळं बाईंनी एकतीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. पहाटे मोहाखाली मात्र एकदाही बसल्या नव्हत्या.

बुधरीची तोंडी परीक्षा टेकडीवरूनच ऑनलाइन झाली; बाईही जोडलेल्या होत्या. परीक्षकांनी विचारलं, "शेजारच्या दोन झाडांच्या गळण्याच्या वेळेत एवढा फरक कशामुळे?"

बाईंच्या मनात दोन-तीन कारणं आली. त्यांनी माइक बंदच ठेवला. बुधरीच बोलली.

"अजून माहीत नाही, सर. पुढच्या मार्चात मुळांजवळची माती तपासणार आहे. कसं तपासायचं, ते ठरवलंय."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "सांगा."

बुधरी सांगू लागली. इकडे राजुऱ्यात बाई, कॅमेरा बंद असल्याने कोणाला दिसत नसताना, उभ्या राहून ऐकत होत्या.